मावशीचा खंड्या आणि १.४चा कन्व्हर्टर

डिसेंबर २०२२ मध्ये बारामतीहून मावशीचा फोन आला. "अरे, तो छोटा डबा मिळतो ना, लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसवायचा? तो माझ्या लेन्सला लावला तर खंड्या मोठा येईल का?"

मावशी गणिताची शिक्षिका. निवृत्त झाल्यावर तिने निकॉन डी७५०० घेतला, त्यासोबत ७०-३०० एमएमची (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं मोठं दिसतं) हलकी लेन्स घेतली, आणि हिवाळ्यातले रविवार भिगवणच्या पाण्यावर, अधूनमधून इंदापूरकडच्या कडबनवाडीच्या माळावर असा तिचा क्रम लागला. डाव्या मनगटाला संधिवात आहे. लेन्ससाठी बाजूला काढलेले पैसे लाखाच्या आसपास, फार ताणलं तर सव्वा लाख. मी तिच्या आधी बऱ्याच जणांना लेन्स निवडायला मदत केली आहे. पण हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण इथे प्रत्येक पायरीवर हातात आकडा होता आणि शेवटी निघालेलं उत्तर मी वर्षानुवर्षं लोकांना देत होतो त्यापेक्षा वेगळं निघालं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं होतं. तिची लेन्स ३०० एमएमला एफ/६.३ एवढीच उघडते (एफ पुढचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं तोंड लहान). ती म्हणत होती तो डबा म्हणजे कन्व्हर्टर. १.४चा कन्व्हर्टर चित्र १.४ पट मोठं करतो, पण एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश खातो, म्हणजे एफ/९ च्या जवळ जायचं. डी७५०० मध्ये फोकसचे ५१ बिंदू आहेत. एफ/५.६ पर्यंत ते सगळे चालतात, एफ/८ ला फक्त मधला एक, आणि त्यापुढे भरवसा नाही. शिवाय निकॉनच्या कन्व्हर्टरचं पुढचं भिंग बाहेर आलेलं असतं. ते सामावून घ्यायला लेन्सच्या मागच्या बाजूला पोकळी लागते. या लेन्सला ती नाही, त्यामुळे तो तिच्यावर बसतच नाही.

एवढं सांगून फोन ठेवता आला असता. पण मग ती दुकानात जाऊन सगळ्यात लांब लेन्स उचलणार हे मला दिसत होतं. म्हणून तिला म्हटलं, लेन्सचं राहू दे, आधी गेल्या दोन हिवाळ्यांतले फोटो काढ आणि प्रत्येक फोटोतला पक्षी तुझ्यापासून किती लांब होता ते मोज.

"फोटोवरून अंतर कसं मोजणार?" क्षणभर थांबून तीच म्हणाली, "अरे हो. समरूप त्रिकोण!"

मावशीची वही

डी७५०० चा सेन्सर २३.५ मिलिमीटर रुंद आणि त्यावर आडवे ५,५६८ पिक्सेल. म्हणजे सेन्सरच्या एका मिलिमीटरमागे २३७ पिक्सेल. संगणकावर फोटो पूर्ण आकारात उघडायचा, पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत किती पिक्सेल भरतो ते पाहायचं, त्याला २३७ ने भागायचं. झाली सेन्सरवरची लांबी. पक्ष्याची खरी लांबी पक्ष्यांच्या पुस्तकात मिळते. खरी लांबी गुणिले नाभीय अंतर (लेन्सचा एमएमचा आकडा), भागिले सेन्सरवरची लांबी, की उत्तर अंतर. पक्षी तिरका बसला असेल तर चूक येते, म्हणून तिने साधारण आडवे बसलेलेच फोटो घेतले.

तिच्या वहीतलं पहिलं गणित चक्रवाकाचं होतं. पक्षी ६५ सेंटिमीटरचा, फोटोत १,९०० पिक्सेल, म्हणजे सेन्सरवर ८ मिलिमीटर. अंतर २४ मीटर. दुसरं रोहित पक्ष्याचं, उभा, उंची १.३ मीटर धरली. फोटोत ९०० पिक्सेल, अंतर शंभर मीटरच्या थोडं पुढे. तिसरं कडबनवाडीच्या चिंकाऱ्याचं. खांद्यापर्यंतची उंची ६५ सेंटिमीटर, फोटोत ५२० पिक्सेल, अंतर ८९ मीटर. अशी चाळीस गणितं तिने दोन संध्याकाळींत केली.

वही चाळल्यावर चित्र स्वच्छ दिसलं. भिगवणला नावेतून काढलेले बहुतेक पक्षी १० ते २५ मीटरमधले होते. रोहितांचे थवे शंभरच्या घरात. माळावरचे प्राणी ६० ते १०० मीटरवर.

आणि ज्या खंड्यासाठी तिने फोन केला होता, तो होता १२ मीटरवर.

साधा खंड्या १७ सेंटिमीटरचा. ३०० एमएमने १२ मीटरवरून तो सेन्सरवर सव्वाचार मिलिमीटर येतो, म्हणजे १,००० पिक्सेल. हजार पिक्सेलचा खंड्या लहान नाही. त्याच्या छातीचा तांबूस रंग, चोचीवरचा पाण्याचा थेंब, डोळ्यातली चमक हे सगळं एवढ्यात मावतं. तरी तिचा फोटो बघवत नव्हता. मी त्याची नोंद उघडून पाहिली. उजाडतानाची वेळ, एफ/६.३, शटर १/४०० सेकंद, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रकाश किती वाढवून घेतला तो आकडा, ६४००. नाव हलत होती आणि रंगात सगळीकडे दाणे आले होते. पक्षी लहान आल्यामुळे फोटो बिघडला नव्हता. प्रकाश कमी पडला होता आणि हात हलला होता.

माझ्या मते या प्रकरणाचा खरा निकाल इथेच लागला. लेन्स घ्यायला निघालेल्या माणसाला वाटतं आपल्याला एमएम कमी पडतायत. क्वचित ते खरं असतं. पण लांबी कमी पडलेला फोटो आणि प्रकाश कमी पडलेला फोटो, दोन्ही क्रॉप केल्यावर सारखेच मऊ आणि मळकट दिसतात, आणि औषध मात्र दोघांचं वेगळं आहे.

भिंगाचं तोंड

दुसऱ्या फोनवर मी तिला एक भागाकार सांगितला. एफ पुढचा आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले भिंगाच्या उघड्या तोंडाचा व्यास. तिच्या लेन्सचं ३०० भागिले ६.३ केलं की ४८ मिलिमीटर. निकॉनची ३०० एफ/४ घेतली तर ७५ मिलिमीटर. २००-५०० एफ/५.६ ची ५०० ला ८९ मिलिमीटर. पक्षी आहे तिथेच बसलेला असताना त्याच्या अंगावरून निघून कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश या तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरतो. ४८ वरून ७५ वर गेलं की तो जवळजवळ अडीचपट होतो.

आता कन्व्हर्टर. १.४चा कन्व्हर्टर ३०० ला लावला की ४२० एफ/५.६ होतं. ४२० भागिले ५.६ म्हणजे पुन्हा ७५. तोंड तेवढंच राहिलं. पक्ष्याकडून आलेला प्रकाश तेवढाच, फक्त तो सेन्सरवर दुप्पट जागेत पसरला. म्हणून "कन्व्हर्टर प्रकाश खातो" हे वाक्य अर्धंच खरं आहे. पूर्ण फ्रेमचा विचार केला तर खातो. पण नाहीतरी क्रॉप करून काढायच्या पक्ष्याचा विचार केला तर तो काही खात नाही, तो पक्ष्याला जास्त पिक्सेल देतो. ते पिक्सेल कामाचे की नुसतेच फुगवलेले, हे दोन गोष्टींवर ठरतं: पुढची लेन्स किती बारीक तपशील आणून देते, आणि फोकस नेमका लागतो का.

क्रॉप सेन्सर, म्हणजे डी७५०० सारख्या कॅमेऱ्यातला लहान सेन्सर (निकॉन त्याला डीएक्स म्हणतं), त्याचंही तसंच. "डीएक्सवर ३०० ची ४५० होते" असं दुकानात सांगतात. होत काही नाही, कडा कापल्या जातात एवढंच. पिक्सेल मोजले की हा गोंधळ मिटतो, आणि मावशीने ते मोजलेच होते.

समोर काय काय होतं

मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, जायचा विचार आम्ही लवकर सोडला. तिथे फोकस सेन्सरवरच लागत असल्याने एफ/८ ची अडचण बरीच सुटते, पण बॉडीही बदलावी लागली असती आणि बजेट तिथेच संपलं असतं. निकॉनची ५०० एफ/५.६ पीएफ (पीएफ म्हणजे काय ते पुढे येतंच), २०१८ साली आलेली, वजन १,४६० ग्रॅम, हीच माझ्या मनातली लेन्स होती. ती बजेटमध्ये येत नव्हती, सेकंड हँडही नाही. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १,९३० ग्रॅमची आहे, ६०० ला एफ/६.३. वाईट अजिबात नाही, पण भिगवणच्या पहाटेला पुन्हा त्याच ६.३ वर जायचं मला पटेना.

राहिल्या दोन वाटा. एक, निकॉनची २००-५०० एफ/५.६, २०१५ सालची. जवळ पैसे बेताचे आणि पक्ष्यांची आवड मोठी अशा प्रत्येकाला मी हीच सांगत आलो आहे. तोंड ८९ मिलिमीटर, झूम असल्याने पक्षी जवळ आला तर मागे येता येतं, फोटो उत्तम. वजन तिपाईला जोडायच्या कॉलरसकट २,३०० ग्रॅम. दुसरी, त्याच वर्षीची ३०० एफ/४ पीएफ, वजन फक्त ७५५ ग्रॅम, आणि सोबत टीसी-१४ई ३ हा १९० ग्रॅमचा कन्व्हर्टर.

पीएफ म्हणजे फेज फ्रेनेल. फ्रान्सच्या ऑगस्तँ फ्रेनेलने १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी भिंगाला कड्याकड्यांच्या पायऱ्या पाडून ते पातळ केलं, त्याचं नाव या काचेला लाभलं आहे. लेन्समधल्या काचेवर फार बारीक वर्तुळाकार कडी असतात, ती रंगांचा दोष सुधारतात, आणि त्यामुळे एरवी लागणारी जड काच वाचते. बदल्यात चौकटीत थेट तीव्र उजेड आला की त्याभोवती रंगीत कडं उमटू शकतं. सूर्य समोर ठेवून पाण्यावर काम करणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यायला हवं.

कागदावर मी अजूनही २००-५०० कडेच झुकलो होतो. पक्ष्याकडून येणारा प्रकाश ३०० च्या तुलनेत १.४ पट, लांबी ४२० ऐवजी ५००. निव्वळ चित्राच्या हिशोबात तीच जिंकते, आणि हे मी मावशीला स्पष्ट सांगितलं. पण घेण्याआधी दोन्ही पुण्याहून दोन दिवसांच्या भाड्याने आणून बघायच्या असं ठरलं. भाड्याचे पैसे वाया गेले असं लोकांना वाटतं. माझ्या मते लेन्सच्या व्यवहारात ते सगळ्यात सार्थकी लागणारे पैसे.

गच्चीवरचं कॅलेंडर

शनिवारी सकाळी साडेसातला मावशीच्या गच्चीवर आम्ही पाण्याच्या टाकीला जुन्या कॅलेंडरचं एक पान चिकटवलं आणि टेपने मोजून बरोबर २० मीटरवर तिपाई लावली. पानावर तारखांच्या खाली तिथी-नक्षत्रांची बारीक अक्षरं असतात, उंची सुमारे २ मिलिमीटर. देवनागरी अक्षर या कामाला फार चांगलं. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे दिसतात की एकमेकांत मिसळतात हे लगेच कळतं.

२० मीटरवर २ मिलिमीटरचं अक्षर ३०० एमएमने ७ पिक्सेल उंच येतं, ४२० ने १०, ५०० ने १२. नुसत्या ३०० ने 'चतुर्थी' हा शब्द ओळखता आला, पण तो संदर्भावरून. डोक्यावरचा रफार एक करडा ठिपका होता. कन्व्हर्टर लावला आणि रफार अक्षरापासून सुटा दिसला. ७ पिक्सेलचं चित्र ओढून १० चं केलं आणि दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा फरक आणखी स्पष्ट झाला: फुगवलेल्या चित्रात रफार परत आला नाही. याचा अर्थ पुढची लेन्स सेन्सरला पुरतो त्याहून बारीक तपशील आणत होती आणि कन्व्हर्टर तो टिपून घेत होता. ५०० ला अक्षरं सर्वांत सुंदर आली. त्यात वाद नाही.

माझ्याकडे मित्राचा २चा कन्व्हर्टर होता, तोही लावून पाहिला. ६०० एफ/८. अक्षर १४ पिक्सेलचं झालं, पण १.४ ला जे दिसत होतं त्यापलीकडे नवीन काही दिसलं नाही. काळी अक्षरं करडी झाली आणि फोकस दोनदा पुढेमागे धावून थांबला. एफ/८ ला प्रकाशाचा बिंदूसुद्धा सुमारे १०.७ मायक्रॉनच्या ठिपक्यात पसरतो, आणि या कॅमेऱ्याचा पिक्सेल ४.२ मायक्रॉनचा. एका ठिपक्याखाली अडीच पिक्सेल आल्यावर आणखी मोठं करून मिळणार काय? २चा कन्व्हर्टर ३०० एफ/२.८ किंवा ४०० एफ/२.८ सारख्या मोठ्या तोंडाच्या लेन्ससाठी आहे. दोन स्टॉप देऊनही त्या एफ/५.६ वर उभ्या असतात. एफ/४ च्या लेन्सला तो लावू नये असं मी आता ठामपणे सांगतो.

दुपारी बाकी काही केलं नाही. ऊन चढल्यावर गच्चीची फरशी तापली आणि तेच कॅलेंडर, तीच लेन्स, तरी अक्षरं पाण्याखाली असल्यासारखी हलायला लागली. २० मीटरवर ही गत, तर माळावर ९० मीटरवर काय होणार हे मावशीला वेगळं सांगावं लागलं नाही.

नावेत

रविवारी पहाटे आम्ही कुंभारगावला पोचलो. उजनी धरणाचं हे फुगवट्याचं पाणी, यशवंतसागर. थंडीत काठावर पायाखालचा चिखल बर्फासारखा लागतो. नाववाले दादा मावशीला ओळखत होते. मावशी पुढच्या फळीवर बसली, हातात आधी २००-५००.

मी घड्याळ लावलं नव्हतं, पण चार-पाच मिनिटांत तिने लेन्स मांडीवर टेकवली. कॅमेऱ्यासकट तीन किलो. पुन्हा उचलली, शेकाट्यांची एक जोडी टिपली, पुन्हा मांडीवर. झूम ५०० ला नेला की लेन्स पुढे लांबते आणि वजन मनगटापासून आणखी दूर जातं. तेवढ्यात डाव्या हाताला वाळलेल्या काठीवर कवड्या खंड्या येऊन बसला, शेपटी दोनदा उडवली. मावशीने लेन्स उचलेपर्यंत तो उडून पाण्यावर थरथरत उभा राहिला, आणि ती डोळ्याला लावेपर्यंत त्याने सूर मारला होता. ती काही बोलली नाही. मनगट चोळत राहिली.

नावेत तिपाई लागत नाही, मोनोपॉड (एका पायाचा आधार) लाकडातून नावेचा प्रत्येक हेलकावा वर चढवतो. तिथे हात हीच तिपाई. कॅमेरा, ३०० पीएफ आणि कन्व्हर्टर मिळून १,६६५ ग्रॅम होतात. लेन्स बदलून दिली तशी ती सकाळ संपेपर्यंत कॅमेरा छातीशी धरून बसली आणि पक्षी दिसला की क्षणात डोळ्याला लावत होती. कवड्या खंड्या परत आला तेव्हा तिला चौदा फोटो मिळाले, त्यातले तीन फार चांगले.

८९ मिलिमीटरचं तोंड मांडीवर पडून असेल तर त्यातून प्रकाश येत नाही. माझ्या हिशोबात हा आकडा आधी नव्हता. बाकीच्यांना मी २००-५०० सांगतच राहीन, पण आता सोबत विचारतो: ही तीन किलो तुम्ही किती वेळ डोळ्याला धरू शकता, आणि ते घरी नाही, नावेत बसून.

घेतली, आणि पहिला महिना बिघडला

जानेवारीत सेकंड हँड ३०० पीएफ आणि कन्व्हर्टर, दोन्ही मिळाले. पहिली आलेली लेन्स आम्ही परत केली होती. मोबाईलचा दिवा मागून आत टाकून तिरपं पाहिलं तर आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या. बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतच जाते. दुसरी स्वच्छ होती. सेकंड हँड घेताना दिवा टाकून पाहणं, मागचे विजेचे संपर्क घासलेले आहेत का ते पाहणं आणि आपल्या स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून पन्नासेक फोटो काढणं, एवढं तरी करावंच.

फेब्रुवारीत मावशीने पाठवलेले फोटो पाहून मी चक्रावलो. कन्व्हर्टरशिवायचे सुरेख, कन्व्हर्टर लावलेले सगळे किंचित मऊ. ज्यांना ज्यांना तिने दाखवले त्यांनी एकच निदान केलं: कन्व्हर्टर म्हटल्यावर असंच होणार. पण गच्चीवर रफार सुटा दिसला होता. तो मी विसरलो नव्हतो.

तिने एक फोटो मोठा करून पाहिला, १० मीटरवरचा वेडा राघू. डोळा मऊ, पण शेपटीच्या लांब पिसाची कड धारदार. म्हणजे तपशील होता, जागा चुकली होती. ४२० एमएम, एफ/५.६, १० मीटर, यात शार्प राहणारी खोली पुढचीमागची मिळून जेमतेम १३ सेंटिमीटर. फोकस सहा-सात सेंटिमीटर मागे पडला की डोळा गेला. नुसत्या ३०० ला एफ/४ वर ही खोली १८ सेंटिमीटर असते, म्हणून तिथे अशी चूक बरीच झाकली जाते.

आरशाच्या कॅमेऱ्यात फोकसचा सेन्सर वेगळा आणि चित्राचा वेगळा असतो. दोघांत केसाएवढा फरक राहतो, आणि कन्व्हर्टर लेन्सचे गुण वाढवतो तशी ही चूकही वाढवतो. डी७५०० मध्ये ती दुरुस्त करायची सोय आहे, आणि मुख्य म्हणजे नुसत्या लेन्सची आणि कन्व्हर्टरसकट लेन्सची दुरुस्ती तो वेगवेगळी लक्षात ठेवतो. तिपाई लावली, पट्टी तिरकी ठेवली, मधल्या खुणेवर फोकस केला आणि कोणती खूण सगळ्यात ठसठशीत येते ते पाहिलं. नुसत्या लेन्सला काही बदल लागला नाही. कन्व्हर्टरसकट उणे ६ वर बसलं. गणिताच्या बाईंना उणे ६ चं समाधान फार. तिने वहीत तारीख घालून चौकटीत लिहून ठेवलं.

त्यानंतरचा वेडा राघू तिने फ्रेम करून लावला आहे. डोळ्याच्या लाल कड्यात समोरची बाभूळ दिसते.

मग कन्व्हर्टर कधी

गंमतीची गोष्ट अशी की ज्या भिगवणसाठी तिला कन्व्हर्टर हवा होता तिथे तो सकाळी पहिला तासभर खिशातच असतो. १० ते २५ मीटरवरच्या पक्ष्याला ३०० एफ/४ पुरते. उजाडताना जिथे आधी १/४०० मिळत होतं तिथे त्याच आयएसओला आता १/१००० मिळतं. ऊन पाण्यावर आलं की ती काठावर किंवा नाव टेकवून कन्व्हर्टर चढवते, तोही कॅमेरा खाली तोंड करून, ओढणीच्या आडोशाला. चालत्या नावेत तिने एकदा तो बदलला होता आणि पाण्याचे दोन शिंतोडे मागच्या काचेवर आले. वाळल्यावर त्याचे पांढरे डाग घालवायला घरी अर्धा तास गेला.

एफ/५.६ असल्यामुळे कन्व्हर्टर लावूनही सगळे ५१ बिंदू चालतात. नदी सुरय माशासाठी वळतो तेव्हा पक्षी चौकटीच्या मधोमध ठेवावा लागत नाही. २००-५०० ला कन्व्हर्टर लावून ७०० एफ/८ करणारे मी पाहिले आहेत. या कॅमेऱ्यावर त्यांच्या हाती फक्त मधला बिंदू उरतो. बसलेल्या घुबडाला चालेल, उडत्या सुरयाला नाही.

माळावर कन्व्हर्टर कायम लावलेला. तिथे गाडीच्या खिडकीवर तिची पिशवी असते: जुन्या जीन्सच्या पायाची शिवलेली, आत तीन किलो ज्वारी. लेन्स त्यात रुतवली की मनगटावर काही येत नाही. ९० मीटरवरचा चिंकारा तरीही छोटाच येतो, ५२० च्या जागी ७२८ पिक्सेल. त्याहून लांब लेन्स असती तरी नऊनंतर उपयोग नव्हता. जमिनीलगतची हवा थरथरू लागली की ७०० एमएम ती थरथरच मोठी करून दाखवतं. त्यावर मावशीचा उपाय म्हणजे उजाडायच्या आत पोचणं आणि गाडी बंद करून एकाच जागी बसून राहणं. एकदा खोकड स्वतःहून ३० मीटरवर आलं आणि कान टवकारून तिच्याकडे पाहत बसलं.

शंभर मीटरवरच्या रोहितांसाठी मात्र काही केलेलं नाही. नाववाल्या दादांनी पहिल्या वर्षी नाव थव्याजवळ घ्यायची तयारी दाखवली होती, बऱ्याच जणांची तशी मागणी असते. मावशी नको म्हणाली. अन्न शोधणारा थवा उगाच उठवायचा, आणि हिमालय ओलांडून आलेल्या पट्टकादंबांना आपल्या फोटोसाठी पुन्हा उडायला लावायचं, हे तिला मान्य नाही, मलाही नाही. जास्त एमएमची लेन्स घेण्याचं एकमेव कारण मला पूर्ण पटतं ते हेच, की तिच्यामुळे लांब थांबता येतं. पण जी आहे तिने भागत नसेल तेव्हाही लांबच थांबायचं.

पीएफचं रंगीत कडं तिला एकदा भेटलं. सूर्य चढताना पाण्यावरची तिरीप थेट चौकटीत आली आणि चित्रबलाकाच्या पायाशी जांभळट वर्तूळ उमटलं. आता उजेड समोर असेल तर ती नाव थोडी वळवून घेते.

झूम गेल्याची किंमत मात्र खरी आहे आणि ती दर फेरीला द्यावी लागते. गेल्या डिसेंबरात मी तिच्यासोबत होतो. धुकं उतरत होतं, आणि लांबचा अख्खा थवा एकदम उठला, काही कारण नसताना, आपणहून. गुलाबी पंखांची रांग डिकसळच्या बाजूने पुलावरून वळली आणि आमच्या डोक्यावरून यायला लागली. चौकटीत जेमतेम चार पक्षी मावत होते. मावशीने ३०० मांडीवर ठेवली आणि वर पाहतच माझ्याकडे हात पुढे केला.

"ती माझी जुनी ७०-३०० दे. लवकर."